कोपला तर कोपू दे

प्लास्टरमधला पाय बाकावर टाकून रिक्षावाल्याने वर्तमानपत्र उलटं धरलं होतं. कान मात्र सुलटे होते. समोर, ऑपरेशन थिएटरच्या बंद दारापाशी, नणंद-भावजय बसल्या होत्या; भावजयीच्या पलीकडे एक म्हातारे मुसलमान चाचा दुवेसाठी हात पसरून बसले होते.

“वहिनी, आत माझा दादा आहे आणि तुम्ही या चाचांबरोबर दुवा मागताय?”

“सकाळी नर्सबाईंबरोबर येशूलाही विनवलं, वन्सं.”

“आपल्या देवाला काय वाटेल?”

“एवढ्यावरून रुसत असेल, तर आधी त्याचंच काळीज तपासायला हवं. माझी आतली हाक एकच आहे. दारं मी सगळी ठोठावणार.”

“आणि कोपला तर?”

“माझ्यावर कोपू दे. तुम्ही नामानिराळ्या राहा.”

“वा! नवरा तुमचा, तसा भाऊ माझा आहे. सरका. चाचा, पुन्हा पहिल्यापासून म्हणा. कोपायचं तर दोघींवर कोपू दे.”