बोटीचाच थकवा

नाही नाही, तिथं मागं नका बसू, तिथं इंजिनाची थरथर थेट मणक्यात शिरते – इकडं या, मधल्या फळीवर, हां, असं. बोट बांधलेली असली म्हणून काय झालं, घ्यायचीच म्हणता तर बसायची सवय आत्तापासून करा. काय विचारत होतात? हां – दिवसभर नुसतं बसून माणूस दमतो कसा? ओशाळू नका हो, सगळेच विचारतात. आमच्या हिनंच विचारलं होतं, लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते – ‘काम तर इंजिन करतं, तुम्ही नुसते बसता, मग घरी आल्यावर ओंडक्यासारखे का पडता?’ मी काय सांगणार कपाळ! मला तरी कुठं ठाऊक होतं. म्हटलं, चल, उद्या तूच ये. आली की. नवे कपडे घालून, केस बांधून, ऐटीत. सकाळी सहलीची माणसं घेऊन निघालो, त्यांना तलावाच्या पलीकडच्या काठावर फिरवलं, संध्याकाळी परत. ही धक्क्यावर उतरली, चार पावलं टाकली आणि मटकन खाली बसली – ‘अहो, जमीन हलतेय!’ घरी जाऊन चपलासुद्धा न काढता झोपली, ती सकाळीच उठली. त्यानंतर ‘नुसते बसता’ हा शब्द काही तिनं काढला नाही. उलट या थकव्याशी तिनं वैरच धरलं. माझा थकवा, पण भांडण तिचं.

आता बघा – आत्ता तुम्ही स्वस्थ बसलायत, बरोबर? नाही, स्वस्थ नाही बसलेले. पोटावर हात ठेवा. जाणवतंय? बोट इकडं कलली की तुम्ही तिकडं, बोट तिकडं की तुम्ही इकडं – सारखं सावरणं चाललंय, आणि तुम्हाला पत्तासुद्धा नाही. पाणी एक क्षण गप्प बसत नाही, म्हणून अंगही बसत नाही. पाय, मांड्या, कंबर, मान, सगळी राबतात. असं सकाळपासून संध्याकाळपर्यंत. त्यात ऊन, आणि ते एक नाही, दोन – एक वरून आणि एक पाण्यावरून उलटं येतं ते. टोपीखालून हनुवटी भाजते माणसाची! डोळे बारीक करून करून डोकं उठतं. आणि वारा, तो तर महालबाड. गार लागतो, बरं वाटतं, आणि घाम आल्याआल्या वाळवून टाकतो. मग माणसाला वाटतं आपल्याला घामच येत नाही, तहानच नाही. असं म्हणत म्हणत कोरडा पडतो माणूस. वर इंजिनाचा आवाज – बंद केल्यावर कळतं केवढा होता ते.

उपाय? आहेत की. सगळे आमच्या हिचे, मी फक्त वापरणारा. ही टोपी बघा – रुंद काठाची, हनुवटीखाली नाडी. पहिल्या तीन टोप्या वाऱ्यानं नेल्या, मग तिनं नाडी शिवली. मी म्हटलं, बाळाचं टोपडं घालून फिरू होय गं? तर म्हणाली, ‘बाळ तरी सांगितलेलं ऐकतं.’ काळा चष्मा घ्या, चांगला घ्या. कानात कापूस. बुडाखाली जाड गादी. खाणं थोडं थोडं – भरल्या पोटी ऊन आणि हेलकावे म्हणजे झालंच मग. दुपारी बोट काठाला लावायची, झाडाखाली पाठ टेकायची, कुणी कितीही घाई करो. सुकाणू दुसऱ्याला धरता येत असेल तर आळीपाळीनं धरायचं. आणि पाणी – तहान लागायची वाट बघायची नाही, आधीच प्यायचं. मी विसरायचो, म्हणून या बाईनं काय केलं असेल? बाटलीला दोरी बांधून ती सुकाणूच्या दांड्यालाच लटकवली! वळण घेतलं की बाटली गुडघ्यावर. वळण घेतलं की गुडघ्यावर. निळा पडला गुडघा, पण पाणी पोटात गेलं.

पण खरी गोम वेगळीच आहे. थकलेल्या माणसाला आपण थकलोय हे कळत नाही. विचारा त्याला, म्हणेल ठणठणीत आहे. आणि अपघात होतात ते काही तलावाच्या मध्ये नाही – होतात ते इथं, धक्क्याला लागताना. सगळं संपलं, आलं घर, असं म्हणून पाय उचलतो आणि तो पाय बोट नि धक्का यांच्या मध्ये. म्हणून हिनं एक नियम काढला. संध्याकाळी माझी बोट आली की ही वर धक्क्यावर उभी राहायची. मी इथून दोर फेकायचा. तिच्या हातात पडला तर ठीक, ती खुंट्याला अडकवणार. पाण्यात पडला तर मी दमलोय – मी काहीही म्हणू दे – दुसऱ्या दिवशी बोट बाहेर काढायची नाही. घरात बसायचं. तक्रार करायला वरचं कोर्ट नाही! लोक हसायचे. दोर पाण्यात पडला की धक्क्यावरचे सगळे ओरडायचे, ‘उद्या सुट्टी!’ पण ऐकलं मी. म्हणून तर या वयात हातपाय शाबूत आहेत. आणि गंमत सांगू? हल्ली एवढं थकायला होतं, पण दोर एकदाही चुकला नाही. महिनोन् महिने नाही. हाताचं वळण जात नाही हो.

विकतोय कशाला मग? ... बोललो की. वय झालं. थकवा येतो. लेकीकडं जाऊन राहायचं ठरलंय, जावई चांगला आहे, खोली रिकामी करून ठेवलीय त्यांनी. हीच मागं लागली – ‘ती बोट काढा, बोट गेली की थकवा गेला.’ इतकी वर्षं टोप्या शिवल्या, बाटल्या बांधल्या, आता शेवटी मूळच उपटायचं असं तिचं गणित. गणित बरोबरच आहे म्हणा. बोटीचाच थकवा आहे. दुसरा कशाचा असणार.

काय बघताय? हा? हा डाग कसला – आपटलं कुठंतरी. हल्ली जरा लागलं की काळंनिळं पडतं. नाही, बाटलीनं नाही, ती कधीच सोडलीय.

... तुम्हाला सांगायला हरकत नाही. तुम्ही परके, बोट घ्याल नि जाल. परकंच माणूस बरं असतं एखाद्या वेळी. पावसामुळं आठवडाभर बोट बंद होती, बघा. बोट नाही, ऊन नाही, इंजिन नाही. घरात बसून होतो, आणि सकाळी उठलो तोच दमलेला. दात घासायला उभा राहिलो तर भिंत धरली. आता घराची जमीन काही हलत नाही! तेव्हा काय ते समजलो. इंजिनाचं सामान आणायला जातो सांगून गेलो शहरात मोठ्या डॉक्टरकडं. म्हणाले, रक्तातच बिघाड आहे. म्हटलं, उपाय? तर ते पेनाचं टोपण लावत बसले, काढत बसले. मी म्हटलं, असू द्या डॉक्टर, कळलं. येताना एक पाना विकत घेतला. गरज नव्हती त्याची. पण सामान आणायला गेलो होतो ना, रिकाम्या हातानं कसा येणार.

हिला नाही सांगितलं. आणि तुम्हीही बोलायचं नाही, काय? ती आत्ता चहा घेऊन येईल, तेव्हा बोटीबद्दल बोलायचं, इंजिनाबद्दल बोलायचं, बास. का नाही सांगितलं म्हणजे? अहो, ती जिंकत आलीय. जन्मभर या थकव्याशी भांडली बिचारी, आणि आता तिला वाटतंय, बोट गेली की नवरा मोकळा. लेकीच्या घरी मी अंगणात बसेन, चार पेपर वाचेन, अंगावर मांस चढेल – सगळं ठरवून बसलीय. बघू दे की स्वप्न. किती दिवस? असतील तितके दिवस. तेवढे तरी तिला सुखानं मिळू देत. मला रडू येतं ते मी इथं येऊन रडतो, बोटीत. तोंडावर पाणी असलं तरी कुणी विचारत नाही इथं.

असो. चला, उतरा, दोर सोडायला शिकवतो, म्हणजे एक चक्कर मारून बघता येईल. हा इथला – हा खालच्या पायरीवरच्या कडीला बांधलाय तो. वर? हो, वरचा खुंटाच खरा, तो कठड्याशेजारचा, रंग उडालेला. पूर्वी ही तिथंच उभी राहायची. आता इथं खालीच बांधते. तो वरचा डुगडुगतो म्हणाली, भरवसा नाही त्याचा. दुरुस्त करून घेईन म्हटलं तर म्हणाली, ‘राहू द्या, विकायचीच आहे बोट.’ घ्या ना, बघा हलवून, तुम्हाला माहीत असलेला बरा.

काय? नाही हलत? जोर लावा की. दोन्ही हातांनी धरा. अहो, नीट धरून – थांबा, मी येतो. हां... हं.

हा तर जाम आहे.

हा... नाही हो. थांबा जरा. बसू द्या इथं पायरीवर. काही नाही, चढल्यामुळं. आधी ती वर असायची. मग उन्हाळ्यात ती मधल्या पायरीवर यायला लागली – वर ऊन लागतं म्हणाली. संध्याकाळी कसलं आलंय ऊन! मग खुंटा डुगडुगायला लागला. मग ही खालची पायरी. इथं शेवाळ आहे, बघा, पाणी येतं पायरीवर, मी ओरडायचो, अगं घसरशील, इतकी खाली का येतेस? ती म्हणायची, ‘पाय भिजवले की बरं वाटतं.’ परवा तर पार घोट्यापर्यंत पाण्यात होती, दोन्ही हात पुढं करून. आणि मी तिला म्हणालो, बघ, अजून एकही चुकला नाही.

एकही चुकला नाही म्हणालो मी तिला. आणि ती हसली.

श्श. आली. ... आण, आण गं. हो, यांना तेच सांगत होतो, ऊन, वारा, पाणी कसं प्यायचं ते. टोपी? आहे ना, ही काय डोक्यावर. नाही, दमलो नाही, उगाच टेकलोय. असं बघू नकोस. बोटीचाच गं, दुसरं काय.

ऐकलंस का? आज बोट नाही देत यांना. उद्या देऊ. आज संध्याकाळी मी एकटाच एक चक्कर मारून येतो म्हणतो, शेवटची. आणि तू – येताना तू वर उभी राहा. वरच्या खुंट्यापाशी, पूर्वीसारखी.

नाही डुगडुगत. यांनी हलवून बघितलाय.

वरच उभी राहा. दोर पाण्यात पडला तर पडू दे.

... अगं, चहा निवतोय. इकडं दे. बस इथं. बस माझ्याशेजारी.

तुम्ही निघा आता. उद्या सकाळी या.