नाव तेच, बोट नवी

नाय पण मी म्हणते, लढाईच्या बोटीचा आणि बायकोच्या नावाचा संबंध काय? काय संबंध, सांगा ना! आमच्या शेजारचे येसाजी भावजी नेव्हीत होते, भटारखान्यात हां, तोफ लांबूनच बघितलेली... तर त्यांची बोट 'घोरपड'. ती म्हातारी झाली, भंगारात गेली, दुसरी आली, तिचंही नाव 'घोरपड'! पोलादपूरच्या स्टँडवर माणूस दिसला की धरलाच, "नेव्हीत असंच असतं! बोट मरते, नाव मरत नाय. नाव तेच, बोट नवी!" अहो, एसटी सुटायची लोकांची!

बरं, बोटीपुरतं असतं तर चाललं असतं. पण बायको तुळजा काविळीनं गेली, वर्षश्राद्ध उरकतंय तोवर भावजींनी शिवथरची आवडी करून आणली. ताटात तांदूळ पसरलेत, नवरीचं नवीन नाव लिहायचंय, पोरगी खाली मान घालून वाट बघतेय, आणि ह्या बाबानं अंगठीनं काय लिहावं? तुळजा! भटजीसुद्धा खोकला. तर म्हणतो कसा, "हातावर गोंदलंय, भांड्यांवर कोरलंय, आता काय टोप वितळवू? नाव तेच, बोट नवी!" हसला हो मांडव सगळा. मीपण हसले, खोटं कशाला बोलू?

तेव्हापासून बावीस वर्षं ती तुळजा. पहिलीच्या चोळ्या उसवून हिच्या मापाला. कालवणात मीठ जास्त पडलं की हा, "जुनी बोट बरी होती!" एकदाच, फक्त एकदाच म्हणाली बिचारी, "अहो, आवडी म्हणा ना... आईनं ठेवलेलं नाव हाय." तर काय म्हणावं? "कोन आवडी? माझ्या घरात नाय कोन आवडी!" ती गपचूप चुलीपुढं जाऊन बसली.

पण शिवथरची बाई, मुकी थोडीच! कोंबडा पाळला आणि नाव ठेवलं... येसाजी! अगो, आमच्यात नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घेत नाय, आणि ही भर अंगणात, "येसाजी, हो खुराड्यात! येसाजी, मेल्या, कुठं हगलास?" आत भावजी जेवायला बसलेले, घास घशात! पाहुणा आला की येसाजी कापायचा, महाडच्या बाजारातनं दुसरा आणायचा, तोही येसाजी. भावजी बोंबलले तर म्हणते, "नाव तेच, कोंबडा नवा!"

गेल्या महिन्यात तुडीलचा कुशाबा आला, बोटीवरचा जोडीदार. "येशा, तिसरी 'घोरपड' दाखल होतेय नेव्हीत! जुन्या लोकांना मुंबईला बोलावलंय, बायकोला घेऊन यायचं!" भावजींची छाती फुगते न फुगते तोच आवडी दारात, हातात सुरी, "कापू काय येसाजीला?" कुशाबा ताडकन उठून उभा! मग कळल्यावर एवढा हसला, एवढा हसला, जेवताना रस्सा नाकात गेला त्याच्या. "कितवा गो हा?" तर ही, "नववा. नुसताच आरवायचा, मांस नाय अंगावर."

झालं! दुसऱ्या दिवशी अख्ख्या पोलादपुरात. भावजी स्टँडवर दिसले की रिक्षावाले आरवतात, बोटीची गोष्ट ऐकायला कोण थांबेना. बरं झालं म्हटलं मी, खोड मोडली! माणूस घराबाहेर पडेनासा झाला.

आणि तुम्हाला सांगते, मुंबईला निघायच्या दिवशी सकाळी, नवी टोपी घालून भावजी ओटीवर उभे. मी कुंपणाशी केर काढतेय... कान तिकडंच. दोनदा तोंडातल्या तोंडात घोळवलं, घसा खाकरला आणि हाक मारली, "आवडी!"

बावीस वर्षांनी! माझी केरसुणी तिथंच पडली. आता ही रडणार, नायतर सुरी घेऊन धावणार... कशाचं काय! दाणे टाकत होती, थांबली. पदराला हात पुसले. फाटकाकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं, परत फाटकाकडे बघितलं.

"अहो, कोन आलीय? बसायला सांगा तिला, मी चहा टाकते."

हसायला म्हणून तोंड उघडलं मी... नाय आलं हसू.

भावजींनी मग टोपी काढली, परत घातली. "कोन नाय गो," म्हणाले, "चल, एसटी येईल... तुळजा!"

"ओ!" म्हणाली. पहिल्या हाकेला!