पहिल्या रांगेतली तिसरी खुर्ची

नाही ताई, तोंडावर हात घ्यायचा नाही. हात घेतला की हसू नाकातून निघतं, आणि नाकातलं हसू मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही. पुन्हा करा. हां, हे चाललं. रंगभूषावाला म्हणाला, माझी बहीण कशालाही हसते — म्हटलं, आत्ताच्या आत्ता घेऊन ये, अशी माणसं राहिलीत कुठं. काम तसं काहीच नाही. संध्याकाळी चित्रीकरण, शे-दीडशे प्रेक्षक येतात फुकट पास घेऊन, आणि बसतात कसे — तर दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावल्यासारखे. माणूस एकटा हसायला लाजतो हो. कुणीतरी आधी हसावं लागतं, मग बाकीचे आपोआप. ते पहिलं हसू तुमचं. ही खुर्ची, वर बघा, माइक टांगलाय. आज चॅनेलची माणसं येणार आहेत. हशा आला तर मालिका चालू, नाहीतर मी निर्माता म्हणून घरी बसलो.

आधी कोण बसायचं? आमची ही. बायको माझी. पहिल्या मालिकेपासून. लोक म्हणतात, याला विनोद कळतो — मला कुठला कळतोय, हिला कळायचा. लेखक ठेवलेत मी, पण माल घरचा. मालिकेतली ती बायको बघा — कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जाते, गॅस बंद केला का बघायला परत येते, बंद दिसला तरी समाधान नाही, म्हणून पेटवते आणि मग नीट बंद करते — हसा, हसा, छान हसता — ती आमची हीच. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून खुर्चीत बसून पाय हलवणारी, तीही हीच. आणि इथं बसून स्वतःलाच सगळ्यांच्या आधी हसायची. अशी बाई मिळायला नशीब लागतं. तिला मी हे कधी बोललो नाही, ते सोडा.

छे, आजारी कसली. भावाकडे गेलीय. तिकडे हवा चांगली आहे. मागचं चित्रीकरण झालं आणि इथूनच गेली, परस्पर. भांडण? भांडायला दोघं लागतात, ती बोललीच नाही. मी फोन करतो ना — मेहुणा उचलतो. म्हणतो, ताई अंघोळीला गेलीय. सकाळी करा, दुपारी करा, अंघोळच. मागे नळाचा आवाजसुद्धा ऐकवतात, एवढी तयारी — हां, असंच हसायचं, पोटातून. हे घेणार आहे मी पुढच्या भागात.

आता खरी परीक्षा. मागच्याच भागातला प्रवेश. बायको न्हाणीघरात जाते, कडी लावते, नळ सोडते. नवरा बाहेर, खांद्यावर टॉवेल. ओरडतो — अगं पाणी वाया चाललंय, टाकी काय तुझ्या बापानं भरली? ती नळ आणखी मोठा करते. तो दार बडवतो, ती आणखी मोठा. पाणी दाराखालून बाहेर, आणि नवरा घसरून सपशेल आडवा. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. हाही घरचाच माल. हिची आई गेली तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं, रडायला कोपरा म्हणून नाही, मग नळ सोडून आत — मला काय माहीत? मी आपलं पाण्याचं बोललो. नंतर कळलं. वाईट वाटलं हो मला, पण प्रवेश म्हणून बघा ना — नळ वाढतोय, दार, टॉवेल —

हसा ना ताई. कुलपाला हसलात, अंघोळीला हसलात.

पुन्हा सांगतो. बायको आत जाते, कडी लावते, नळ —

राहू दे. तुमचं नाही जमायचं. दीडशे माणसं हसली या जागेला, एकटी तीच हसली नाही — आणि आता तुम्ही. काय हो, मेहुण्याकडे मागे नळ वाजतो म्हणालो ना मी मघाशी? सकाळी, दुपारी —

उठा तुम्ही. भावाला सांगा, साहेब नाही म्हणाले. आणि ती तुमची पिशवी उचला खुर्चीवरून. तिथं आज काही ठेवायचं नाही.