बोंडबाळ

गोवर्धन : कडी काढ. शेवटचं सांगून राह्यलो, सत्यभामे. आता लात मारीन दाराले.

सत्यभामा : मारा. दार तुमचंच हाय.

गोवर्धन : पाह्यलं, आत्या? कोंबडं आरवलं तसं आत जाऊन बसली अन् आतून असं बोलते!

पार्बताबाई : लात नको मारू, बापा. दार पडलं तं थे जागं होईन. जागं झालेलं बोंडबाळ हाती लागत नाई, रुईत मुरते. माह्या सासरी पातूरले एका घरी असंच झालं होतं.

गोवर्धन : तुह्या पातूरचं मंग सांगजो. बाहेर गाड्या जुतून उभ्या हायेत. तांडा पुढं निघाला का आपन मांगं राह्यलो. ज्या लढाईपायी कापसाचा भाव चढला, थी तिकडं समुद्रापलीकडं मिटली म्हनतात, तेल्हाऱ्याचा दलाल काल सांगून गेला. अमरावतीच्या बाजारात आज जो भाव हाय, थो आठ दिवसानं राहीन का नाई, देवाले ठाऊक.

सत्यभामा : मंग जा ना. ओसरीवरचा कापूस घेऊन जा. या कोठीतला राहू द्या.

गोवर्धन : ओसरीवरचा कालच भरला. आता हाच राह्यला. अन् गाडीवाले म्हनतात, आत जे हाय थे मारल्याबिगर आमी कापसाले हात लावत नाई. गाडीवाला खुशाल काल ढिगावर चढला अन् पायातल्या वाहाना सोडून पळाला. म्हने, अंधारात पांढरं तोंड पाह्यलं, मान डुलवून फुसफुस करून राह्यलं होतं.

सत्यभामा : फुसफुस नाई करत थे. श्वास घेते.

पार्बताबाई : ऐक! ऐक कशी लाडानं बोलते! अवं सूनबाई, थे लेकरू नोहे. कितीदा सांगू तुले?

सत्यभामा : सांगा ना, आत्याबाई. आनखी एकदा सांगा. गाडीवाल्यायलेबी ऐकू द्या.

पार्बताबाई : सांगते तं. कापूस फुटला का पयले सीतादही करा लागते. बायकायनं वावरात जाऊन दही-भात टाकायचा, फुटलेली बोंडं पुजायची, मंगच वेच्याले हात लावायचा. कापूस म्हनजे मातीचं लेकरू हाय. मायले जेऊ न घालता तिच्या कडेवरचं लेकरू उचललं का थी रुसते. मंग त्या कापसात बोंडबाळ धरते. त्याले माय नाई, बाप नाई. आंधी नुसता श्वास येते. मंग तोंड येते. हातपाय येतच नाईत. अन् वाढते कशावर? घरातल्या बाईच्या कुशीवर! लोखंडानं मारलं तं सुटका. न मारता थो कापूस इकला, तं त्या बाईची कूसबी त्याच गाडीत बसून गेली समज.

गोवर्धन : ऐकलं ना? तुले काय वाटते, मी कापसासाठी ही लोखंडाची पारई घेऊन उभा हाय? तुह्यासाठी उभा हाय, तुह्यासाठी!

सत्यभामा : यंदा सीतादही कोनं होऊ देल्लं नाई?

गोवर्धन : आता थे काहून काढते?

सत्यभामा : म्या दही इरजलं होतं. मडकं तसंच शिक्यावर राह्यलं.

गोवर्धन : भाव चढून राह्यला होता. सारा गाव वेच्याले लागला होता. म्या म्हटलं, पयला वेचा होऊ दे, मंग करू सीतादही. एकटा मीच म्हनलो का असं? घरोघरी थेच झालं.

सत्यभामा : घरोघरी झालं असन. पन भरल्या दिवसायची वेच्याले गेली थी मी. तुमी जा म्हनलं नाई, पन नको जाऊ असंबी म्हनलं नाई.

गोवर्धन : हळू बोल. गाडीवाले ऐकून राह्यले.

सत्यभामा : ऐकू द्या. बाभळीखालचं माह्यं बाळंतपन साऱ्या गावानं पाह्यलं. माह्यं लेकरूबी साऱ्या गावानं पाह्यलं. मीच तेवढं नाई पाह्यलं.

पार्बताबाई : तुले शुद्ध होती का वं? डोळे पांढरे झाले होते तुहे.

सत्यभामा : म्हनून तं इचारते. तुमी त्याले पयल्या वेच्याच्या कापसात गुंडाळलं अन् वावराच्या धुऱ्याकडं, बांधावर घेऊन गेले. मले शुद्ध आली तवा वर माती लोटून झाली होती. तवापासून एकच गोष्ट इचारून राह्यली मी. थो श्वास घेत होता का? अन् इचारलं का तुमी उठून बैलायकडं जाता. सांगा ना! कापसात गुंडाळलं तवा श्वास घेत होता का?

गोवर्धन : कडी काढ.

सत्यभामा : पाहा. आताबी थेच.

पार्बताबाई : मेलेलं होतं, पोरी. दाईनं सांगतलं ना.

सत्यभामा : दाई मागून आली. पयले यायच्या हातात होता थो. माह्यानं श्वास घेतला का नाई, मले ठाऊक नाई. हे घेते. मी रोज येऊन कान लावते. म्हनून कडी नाई काढत. आता समजलं?

पार्बताबाई : रोज? म्हनून गाईचं दूध कमी भरून राह्यलं! मी त्या गरीब वासराले शिव्या देत होती.

सत्यभामा : वाटीभर ठेवते. पन दूध पेत नाई थे.

पार्बताबाई : कसं पेईन? थे काय खाते थे इकडे माह्या पदरात हाय. झरोक्याखाली सापडल्या ह्या गोळ्या. पाह्य गोवर्धना. नुसते केस, अन् आत बारीक बारीक हाडं. हिच्यात तं एवढीशी कवटी हाय, दातासकट! खाते अन् हाडं थुकते. यंदा सरकीत एकबी उंदीर दिसला नाई, तवाच माह्या मनात पाल चुकचुकली होती. उंदीर सरले का मंग कोनाची पाळी?

गोवर्धन : सत्यभामे, बाहेर निघ! ऐकलं का? हाडं थुकते थे! आत्या, कंदील आन.

पार्बताबाई : डोकं फिरलं का तुह्यं? कापसाच्या कोठीत आजवर कोनी दिवा नेला का? एक ठिनगी उडाली का थे बोंडबाळ राहीन अन् आपन जळू.

गोवर्धन : मंग त्या अंधारात मारू कोनाले? मिरचीची धुरी देऊ का झरोक्यातून? पानी शिंपडून, दुरून?

सत्यभामा : द्या. धुरी देल्ली तं मीबी आतच हाय. दोघंबी खोकलत बसू.

गोवर्धन : सत्यभामे, तुह्या पाया पडतो. एक गेलं माह्या हातचं. आता तूबी? मले दुसरं कोन हाय? आत्या हाय, थी उठल्याबसल्या मेलेल्यायच्या गोष्टी सांगते!

पार्बताबाई : मी सांगते म्हनून सावध तरी राहता.

गोवर्धन : सरक, आत्या. पारई घालून दार उचकटतो. लोखंड आतबी कामाचं अन् बाहेरबी.

सत्यभामा : नका, हो! ढीग अडवलेली दाराआडची फळी पडली तं सारा कोसळन! थे वरच्या कोपऱ्यात हाय, आढ्याखाली. त्याच्या आंगावर पडन!

गोवर्धन : पडू दे.

सत्यभामा : मी दाराले पाठ लावून बसली. घाला पारई. पयले माह्या पाठीत घुसन.

पार्बताबाई : हट्ट सोड वं, पोरी! नवरा हाय थो तुहा!

सत्यभामा : थांबा.

गोवर्धन : नाई थांबत आता.

सत्यभामा : थांबा, हो. बोलू नका. झरोक्यातून काहीतरी आलं.

गोवर्धन : काय? काय आलं?

(आतून काहीच ऐकू येत नाही. गोवर्धनची पारई दाराच्या फटीत तशीच अडकून आहे. ती ओढावी की ढकलावी, हे त्या बिचाऱ्याला उमजत नाही. ज्या प्रश्नापासून तो इतके दिवस गोठ्याकडे पळत होता तो आता दाराच्या पलीकडे बसला आहे, आणि दारापासून पाऊल मागे घ्यायची या घटकेला त्याची छाती नाही. पूर्वेला तांबडं फुटू लागलं आहे. पार्बताबाई पदरातल्या गोळ्या गच्च धरून दाराजवळ सरकतात.)

गोवर्धन : सत्यभामे! अवं, बोल ना! जिवंत हाय का?

सत्यभामा : हळू. हाय मी.

गोवर्धन : काय आलं?

सत्यभामा : मोठं हाय. पांढरं. एवढे मोठे पंख, पन आवाजच नाई. डोक्यावरून गेलं, वारा लागला मले, पन आवाज नाई. असं कसं उडते हो कोनी?

पार्बताबाई : हडळ!

सत्यभामा : तोंड पिंपळाच्या पानावानी हाय. मधी निमुळतं. काळे काळे डोळे. माह्याकडे पाह्यलं तिनं. लय वेळ पाह्यलं.

गोवर्धन : तू डोळे झाक! पाहू नको तिकडे!

सत्यभामा : तिच्या चोचीत उंदीर हाय.

गोवर्धन : चोच?

सत्यभामा : फाडून देऊन राह्यली. एकेकाले. अवं माय, तीन हायेत! मले वाटे एकच हाय. कोवळ्या रुईचे गोळे नुसते, रुई कोनती अन् थे कोनतं, समजत नाई. मधातलं लहान हाय, त्याले मोठं ढकलून राह्यलं. अन् थी पुन्हा त्याच्याच चोचीत देते. लहानाच्या.

गोवर्धन : आत्या, घुबड हाय थे. पांढरं घुबड. मारुतीच्या देवळाच्या शिखरात राहते ना, थे. खुशालनं पिल्लं पाह्यली.

पार्बताबाई : घुबड? घरात घुबड? अरे, मंग तं आनखी वाईट! बोंडबाळ बरं म्हनायची पाळी आली! घाल पारई, गोवर्धना. मायसकट मार. घुबड ज्या घरात राह्यलं थे घर बसते.

सत्यभामा : आत्याबाई, तुमी काय सांगतलं होतं? बोंडबाळाले माय नसते म्हनून सांगतलं ना?

पार्बताबाई : मंग?

सत्यभामा : याले माय हाय.

पार्बताबाई : अवं, पन...

सत्यभामा : माय हाय याले. तुमच्या गोष्टीतलं थे हे नोहे. कोनाच्या कुशीवर नाई वाढत हे. उंदरावर वाढते. हे माह्यंबी नोहे, आत्याबाई. मले दिसून राह्यलं. दूध काहून पेत नाई, आता समजलं मले. मी खुळी म्हनून बसली होती इथं.

गोवर्धन : रडू नको. अवं, रडू नको ना. कडी काढ.

सत्यभामा : पारई बाहेर ठेवा.

गोवर्धन : ठेवली.

सत्यभामा : आवाज नाई आला ठेवल्याचा.

गोवर्धन : घे. आपटली आता. ऐकलं?

सत्यभामा : या. एकटेच या. ढिगाच्या कडेनं या, मधी पाय फसते. थी गेली झरोक्यातून, पन दूर नाई जाईन.

गोवर्धन : किती गरम होते इथं. इतके दिवस तू इथं...

सत्यभामा : हळू. ऐका. तोंडं वर करून झोपली कशी तिघं. ऐकू आलं?

गोवर्धन : व्हय.

सत्यभामा : मानसाच्या लेकरावानी नाई वाटत?

गोवर्धन : वाटते. दाराआडून ऐकलं असतं तं मीबी बसलो असतो तुह्यासारखा.

पार्बताबाई : गोवर्धना! गाडीवाले खोळंबले रे! मारलं का नाई?

गोवर्धन : आत्या, त्यायले सांग, अर्ध्या ढिगापासून खालचा कापूस भरा, वरचा कोपरा सोडा. एक गाडी अर्धी जाईन. जाऊ दे.

पार्बताबाई : अन् घुबड घरात?

गोवर्धन : सरकीत एकबी उंदीर नाई, तूच म्हनली ना? मंग घुबडाले दोन महिने राहू दे. पिल्लं उडाली का जातीन आपल्या आपन. अन् पुढच्या कार्तिकात पयलं बोंड फुटलं का तू आंधी वावरात जाय, दही-भात घेऊन. मी वेच्याले थांबीन.

पार्बताबाई : थांबशीन? भाव चढला तरी?

गोवर्धन : थांबीन म्हटलं ना. आता जाय, वरडू नको. उठतीन थे.

सत्यभामा : आता तुमीबी उठून जासान. मी इचारलं का.

गोवर्धन : नाई जात. इचार.

सत्यभामा : घेत होता का?

गोवर्धन : सत्यभामे, थो पडला तवा म्या त्याले उलटं धरलं. पाठीवर थापट्या मारल्या. तोंडात फुकलं. दाई आली नवती, बायका तुह्याभोवती होत्या. मले काई सुचेना. बाजूले वेच्याची झोळी पडली होती. त्यातून म्या रुईचा एक तंतू काढला, असा, केसाहून बारीक, अन् त्याच्या नाकापुढं धरला. माह्याच हातानं हालून राह्यला म्हनून बाभळीले कोपर टेकलं अन् पुन्हा धरला. लय वेळ धरला. बायका म्हनाल्या, सोड आता. तरी धरला. मले वाटे, आता हालन, आता हालन.

सत्यभामा : अन्?

गोवर्धन : नाई हालला.

सत्यभामा : हे मले काहून नाई सांगतलं?

गोवर्धन : सांगतलं असतं तं खरं झालं असतं. बैलायपाशी जाऊन बसलो का वाटे, अजून मी धरूनच हाय.

सत्यभामा : मंग जिवंत असून नाई पुरला तुमी त्याले.

गोवर्धन : नाई वं. नाई. तुले असं वाटत होतं? इतके दिवस असं वाटून राह्यलं तुले?

सत्यभामा : रोज.

गोवर्धन : ये. इकडे ये. असं नाई. कधीच नाई.

सत्यभामा : हे काय करून राह्यले तुमी? थी येईन, चोच मारन हाताले.

गोवर्धन : मारू दे. थांब जरा.

सत्यभामा : रुई धरली त्याच्या नाकापुढं?

गोवर्धन : लहानाच्या. मधातल्याच्या.

सत्यभामा : एवढी बारीक रुई या अंधारात मले दिसत नाई. सांगा ना. हालली?

गोवर्धन : हालली.