किटलीला पडलेली मतं

…नाही, तुम्ही म्हणाल, मास्तरांचं यात चुकलं काय? अहो, सगळं नियमानं केलं, तिथंच तर चुकलं! तुम्हाला सांगतो, मी साधा चित्रकलेचा मास्तर. मला हुकूम आला, लोकांना मतदान शिकवा. का? तर म्हणे तुमचा हात चांगला आहे! नियम असा, की सरावाच्या कागदावर खऱ्या उमेदवाराचं चिन्ह चालत नाही. म्हणून मी आपली एक शिडी काढली, एक कंगवा आणि एक किटली. शिडी-कंगवा यथातथाच, पण किटली… काय सांगू, हात लावला तर चटका बसेल अशी उतरली.

पहिली शिकवणी आत्याच्या घरी. शेजारपाजारच्या सगळ्या बायका गोळा! आता ही आत्या म्हणजे सख्खी, वय एकाहत्तर. आतोबा होते तोवर ते सांगतील तिथं शिक्का मारायची. आतोबा गेले, आणि ही मला म्हणते, "एकदा तरी माझं मी ठरवीन रे." मला भरूनच आलं. दहा-दहा वेळा सराव घेतला. शिक्का मारा, घडी घाला, पेटीत टाका. आत गेल्यावर कोणाला विचारायचं नाही, बाहेर आल्यावर कोणाला सांगायचं नाही! आणि हे शिकवलं कोणी? मीच!

मतदानाच्या दिवशी शाळेतच केंद्र, टेबलाशी मी. आत्या इस्त्रीचं लुगडं नेसून आली, माझ्याकडे ओळखसुद्धा दाखवली नाही. नियम म्हणजे नियम. पडद्याआड गेली ती गेलीच. पाच मिनिटं… दहा मिनिटं… रांगेतला न्हावी कुरकुरायला लागला, दुकान उघडायचंय म्हणून. मी आत डोकावू शकत नाही, ती मला विचारू शकत नाही. शिकवलं कोणी? बरोबर!

शेवटी आली, घडी पेटीत टाकली आणि ताठ मानेनं निघून गेली. मागून शेजारणींचंही तेच, प्रत्येकीला दहा मिनिटं!

मोजणीला माझीच नेमणूक. कागद उलगडतो तर काय, सगळ्या उमेदवारांच्या खाली, कोऱ्या जागेत, पडद्याआड बाकावर राहिलेल्या पोरांच्या पेन्सिलीनं काढलेली किटली आणि तिच्यावर शिक्का! एक नाही, दोन नाही, सव्वीस किटल्या! कोणाची चोच वाकडी, कोणाला झाकणच नाही. मोजणीच्या साहेबांनी एकेक उचलून बाद केली. आणि निकाल किती मतांनी लागला? एकोणीस! पडलेला उमेदवार मला अजून रस्त्यात भेटतो हो… नमस्कार करतो बिचारा!

तडक आत्याकडे गेलो. म्हणणार होतो, अगं, ती किटली सरावापुरती होती, हे तुला कळू नये? पण तोंड उघडायच्या आत तीच सांगत बसली, की बाकीचे सगळे दारात येऊन भोंगे लावून गेले, किटलीवाला तेवढा एकदाही आला नाही, माणूस सभ्य दिसतो. छापायला विसरले होते मेले, म्हणून तिनं स्वतः काढून दिली. मग माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "आली का रे निवडून?"

एकाहत्तर वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या मनानं दिलेलं मत!

म्हटलं, "थोडक्यात पडली, आत्या."