टाकीतले दोन थर

पंक्चर निघेपर्यंत म्हातारा गॅरेजच्या बाकावर पुस्तक उघडून बसला होता. तेवढ्यात एक जोडपं जुनी मोटरसायकल ढकलत आलं आणि त्याचं पान काही उलटेना.

"टाकीची गळती कशी थांबवलीत?" मेकॅनिकने विचारलं.

"आत सीलचा लेप ओतला," नवरा म्हणाला.

"पेट्रोलचा कॉक न काढता?"

"काढायचा असतो?"

"छे, झकास काम झालंय. आता पेट्रोल कुठूनच बाहेर येत नाही. इंजिनातही नाही."

"माझ्या बाबांनी उभा जन्म ही गाडी चालवली," बायको म्हणाली. "थेंब गळला नाही. यांच्या हातात आली आणि महिन्यात बसली. संध्याकाळी बाबा चक्कर मारायला येतायत. काय तोंड दाखवू?"

"तुझ्या बाबांचे हात सोन्याचे, माझे शेणाचे. ठाऊक आहे मला."

मेकॅनिकने टाकीत टॉर्च मारला.

"ताई, इथे दोन थर आहेत. वरचा साहेबांचा. खालचा जुना, पिवळा पडलाय. कॉकचं निम्मं तोंड त्यानेच बुजवलं होतं."

नवरा गालातल्या गालात हसत छताकडे बघत राहिला.

"दादा," बायको टाकीत डोकावत म्हणाली, "संध्याकाळपर्यंत दोन्ही निघतील?"

"निघतील. बाबांना काय सांगायचं?"

"जावयाने टाकी धुऊन घेतली. एवढंच."