स्टॅम्परांचं विरजण

खा की, लाजतोस काय — पाव गरम आहे तोवर खा, लोणी लाव आणखी. केंटकीत दारी आलेला माणूस उपाशी जात नाही, मग तो व्हिटलोंचा का असेना. चेहरा बापाचाच घेतलास हो. तोही असाच आला होता, असाच हसत — आणि माझ्या बापाची दारूची भट्टी घेऊन गेला. भट्टी, झरा, गोदामातली बोर्बनची पिंपं, वर आडनावसुद्धा. बाटलीवर 'स्टॅम्पर' लिहायचा हक्क तुमचा, आणि खुद्द माझ्या बापानं, ऑर्व्हल स्टॅम्परनं, लिहिलं तर त्याला कोर्टात खेचणार. थडग्यावर तरी लिहू देतील का गं, आयडेला, असं विचारायचा मला. हसत विचारायचा. मला नाही यायचं हसू.

एकच वस्तू सोडलीत. कुठली? जिच्यासाठी आज एवढी गाडी चिखलात घातलीस तीच — दारूचं विरजण. पणज्यापासून चालत आलेलं, दगडी बरणीत, मोड आलेल्या धान्याची पेज पाजून पाजून जगवलेलं. मक्याच्या लापशीत ते पडायचं तेव्हा कुठे दारूला आमची चव यायची. तुझ्या बापानं झाकण उघडलं, नाक धरलं, म्हणाला, म्हातारबा, ही आंबलेली घाण तेवढी घरी न्या, आम्ही कारखान्यातून ताजं मागवलंय. माझ्या बापानं बरणी मांडीवर घेतली नि घरी आला. मी थांबले — कारण गोदामातली पिंपं त्याच्याच हातची होती ना, ती संपेपर्यंत तुम्हाला कळणारच नव्हतं. आता संपली. आता लोक घोट घेऊन तोंड वाकडं करतात, होय ना?

काय, कागद आणलायस? आडनाव परत देणार, बरणीच्या बदल्यात? हं. माझ्या बापाला हेच हवं होतं, एवढंच. मरताना म्हणाला, बरणीला उपाशी ठेवू नकोस. नाही ठेवलं — नवरा गेला त्या दिवशीसुद्धा आधी तिला पाजलं, मग रडत बसले. थंडीत शेगडीपाशी तिला जवळ घेऊन झोपायची, हस हवं तर.

काल तुझा फोन आला. हुबेहूब तुझ्या बापाचा आवाज, तोच गोडवा. तो ऐकला नि मी पीठ काढलं. बरणी उपडी केली, बोटानं निपटून घेतली, सगळं पिठात मळलं, मग बरणीत उकळतं पाणी ओतलं. ती बघ, खिडकीत पालथी आहे.

थांबलास का? चांगला झालाय ना पाव? तेच आहे ते — ओव्हनमध्ये भाजून मेलं, थेंब उरला नाही कुठे. तुझ्या बापानं नाक धरलं होतं, तू दोन तुकडे खाल्लेस, आता पोट कापून काढ हवं तर. कागद उचल तो. आमचं नाव तुमच्याकडेच राहू दे, नुसतं नाव विकत बसा जन्मभर. ऊठ आता, मला कामं आहेत, बरणीच्या पेजेची वेळ झाली—

जा म्हणते ना.